मखरातली मच्छरदाणी

पंजाबात दहशतवाद होता त्या वर्षांत चंदीगढला बदली झालीय असं कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस खांद्यावर हात ठेवायचा. माझ्या पुण्याच्या काकांनी तर निघताना माझ्या विम्याची चौकशी केली. नातेवाईक फोनवर विचारायचे, गोळीबार ऐकू येतो का, बसनं जाता का, कर्फ्यूत दूध मिळतं का. यातलं काहीच विचारलं नाही ते एकाच व्यक्तीनं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे कराडच्या शशिकलाबाईंनी. त्यांना आम्ही माई म्हणतो. इथं चौकाचौकात वाळूची पोती रचलेली, आणि माईंना त्याचं काही नाही. त्यांचं भांडण डासांशी होतं.

झालं असं की स्मितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मुलांचा फोटो माहेरी पाठवला. हेरंब चार वर्षांचा, मिनू नऊ महिन्यांची, मागं बागेतले गुलाब. फोटोग्राफरनं गुलाब फार मन लावून टिपले होते. माईंनी ते बघितले नाहीत. त्यांनी भिंग लावून मिनूचे गाल बघितले आणि माझ्या ऑफिसात ट्रंककॉल लावला.

"दिगंबरराव, पोरीच्या तोंडावर ते काय उठलंय?"

"डास चावलेत, माई. पावसाळा आहे ना."

"एवढे?"

"इथले डास जरा अंगापिंडानं बरे असतात."

"मग ऐका. गणपतीला मी येतेय. पोरांच्या अंगावर असंच दिसलं, तर तिघांना घेऊन कराडला जाईन. तुमची बदली होईपर्यंत."

माझी बदली होऊन वर्षच तर झालं होतं. पुढची व्हायला तीन वर्षं अवकाश होता. ट्रंककॉलवर ओरडून बोलावं लागत असल्यामुळं 'गालावरच आहेत, पायावर कमी आहेत' हे माझं वाक्य अख्ख्या सेक्शननं ऐकलं होतं. आमच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "माहुलीकर जी, बीमारी कौन सी है?"

लोकांना यात विनोद दिसला, मला दिसला नाही. संध्याकाळी जिन्यावर माझी पावलं वाजली की मिनू आतून किंचाळायची आणि हेरंब दार उघडून "पापा आ गए" म्हणायचा. बाबा म्हण, बाबा म्हण, म्हणून मी दमलो होतो, पण आता तो पापा म्हणायलाही तिथं असणार नव्हता. घरी जाऊन मी स्मिताला म्हटलं, आजपासून डास हा आपला एकमेव विषय. ती म्हणाली, कालपर्यंत कुठला होता?

कॉइल आधीच लावून झाली होती. तिच्या धुरानं मिनूला खोकला यायचा आणि डास थोडा वेळ बाहेर जाऊन ताजेतवाने होऊन परत यायचे. ट्यूबमधलं मलम लावलं तर मिनू ते हाताला लागलं की चाटायची. मग मी सल्ला घ्यायला बाहेर पडलो. ही माझी पहिली चूक. चंदीगढात सल्ला मागावा लागत नाही. तुम्ही नुसतं गाल खाजवलात तरी माणसं थांबतात.

वरच्या मजल्यावरचे चढ्ढा म्हणाले, लसूण खा, मच्छर जवळ येत नाही. मी दोन दिवस खाल्ला. जवळ आलं नाही ते माणूस. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष विंग कमांडर गुरुनाथ सबनीस यांनी सगळा मुद्दा शिस्तीवर नेला. "माहुलीकर, सूर्यास्त झाला की पूर्ण बाह्या, पूर्ण पायजमा, मोजे. लहानमोठं कुणी असो." मी नऊ महिन्यांच्या मुलीला शिस्त लावण्याबद्दल शंका काढली, तर ते म्हणाले, सुरुवात लवकरच करावी लागते. त्या रात्री मिनूचे मोजे सापडले ते तिच्या तोंडात.

खालच्या मजल्यावरच्या ग्रेवालांचा सल्ला मला त्यातल्या त्यात पटला. ग्रेवाल म्हणजे उंच, पांढऱ्या दाढीचे, विद्युत मंडळातून निवृत्त झालेले सरदारजी, आणि त्यांच्या पत्नी बीजी म्हणजे आमच्या मुलांची पळून जायची हक्काची जागा. बीजी म्हणाल्या, "पुत्तर, नीम दे पत्ते बाल. साडे पिंड विच एही करदे सी." म्हणजे कडुनिंबाचा पाला जाळ, आमच्या गावी हेच करायचे. गावाकडं आमची आजीसुद्धा बाळाला धुरी द्यायची, तेव्हा मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. ग्रेवालांच्या मागच्या अंगणात आम्ही एका बादलीत कडुनिंब भरला, खाली गोवऱ्या घातल्या आणि पेटवलं.

कडुनिंब ओला होता, हे माझ्या आणि ग्रेवालांच्याही लक्षात उशिरा आलं. जाळ झालाच नाही, पण धूर जो झाला तो आमच्या सेक्टरानं कधी पाहिला नव्हता. आता एरवी धूर म्हणजे धूर. पण त्या दिवसांत त्या शहरात धूर दिसला की लोक खिडक्या लावून फोनकडं पळायचे. बसमध्ये बेवारस डबा दिसला तरी कुणी हात लावू नये असं लाउडस्पीकरवरून सांगितलं जायचं, तिथं हा सबंध अंगणभर धूर. थोड्याच वेळात समोरून आगीचा बंब आणि मागून पोलिसांची जीप आली. मी बादलीशेजारी उभा होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातात पुठ्ठा होता.

इन्स्पेक्टरनं विचारलं, "क्या जला रहे हो?"

माझ्या आधी ग्रेवालच बोलले. "जनाब, ये सरकारी बाबू हैं, मराठे हैं. मच्छर मार रहे हैं."

इन्स्पेक्टरनं एकदा धुराकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात एक डास येऊन माझ्या कपाळावर बसला. त्यानंतर इन्स्पेक्टरनं मला काही विचारलं नाही, नुसतं नाव लिहून घेतलं. बंबवाल्यांनी आणलेलं पाणी परत न्यायचं नाही म्हणून ते बादलीवर, बीजींच्या वाळत घातलेल्या दुपट्ट्यांवर आणि थोडं माझ्यावरही मारलं.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते मी केलं. मच्छरदाणी आणली. दोन पलंग जोडून स्मिता आणि दोन्ही मुलं मावतील एवढी मोठी, पांढरी, शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतली. चार कोपऱ्यांना चार नाड्या. आपल्याकडं भिंतीला चार खिळे ठोकायचे, नाड्या बांधायच्या, संपलं. कराडपासून नागपूरपर्यंत महाराष्ट्रात मच्छरदाण्या अशाच टांगल्या जातात. हातोडी घेऊन मी स्टुलावर चढलो.

पण आमच्या क्वार्टरची भिंत महाराष्ट्रातली नव्हती. ती काँक्रीटची होती. पहिला खिळा वाकला. दुसरा उडून कपाटामागं गेला. तिसरा माझ्या अंगठ्यात जाता जाता राहिला, हातोडी मात्र अंगठ्यावर बसली. हेरंब खाली उभा राहून मन लावून बघत होता. "पापा, दीवार जीत गई," असं त्यानं आईला जाऊन सांगितलं.

भिंतीला यंत्रानं भोकं पाडायची तर क्वार्टरच्या इन्क्वायरी ऑफिसात जावं लागतं. तिथं शर्मा नावाचे ज्युनिअर इंजिनीअर होते. अतिशय सज्जन माणूस. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि माझी चार भोकं ऐकून घेतली. मग म्हणाले, "मच्छरदानी टेम्परेरी स्ट्रक्चर है या परमानेंट?"

मी म्हटलं, सकाळी काढतो, संध्याकाळी लावतो.

"तो टेम्परेरी. लेकिन टेम्परेरी के लिए परमानेंट छेद?" त्यांनी खेदानं मान हलवली. मी घाईनं म्हटलं, बरं, परमानेंट समजा. त्यावर ते म्हणाले की मग खोलीचा नकाशा लागेल, कारण हे शहर नकाशावरून बांधलेलं आहे आणि त्यात मच्छरदाणी नाही. नकाशा कुठं मिळेल? तोही त्यांच्याकडंच मिळणार होता, पण मच्छरदाणीची मंजुरी दाखवल्यावर. चहा फार छान होता. मी उठलो.

माई यायला आठवडा उरला होता, आणि मिनूच्या गालांवर बोट ठेवायला मोकळी जागा नव्हती. त्या संध्याकाळी मच्छरदाणी मांडीवर घेऊन बसलो असताना मला मखर आठवलं.

आमच्या मंडळाच्या गणपतीच्या सजावटीचा प्रमुख मी होतो. मखर मोठं झोकदार होतं. चार लोखंडी नळ्यांचे खांब, वर आडव्या नळ्या, आणि पुढं लावायला प्लायवूडची कमान, तिच्यावर दोन बाजूंना मी स्वतः रंगवलेले दोन मोर. गेल्या वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही ते एवढं मोठं केलं होतं की गणपती त्यात जरा हरवल्यासारखा वाटला होता. मी मनातल्या मनात मापं घेतली. दोन पलंग आत सहज बसत होते. भिंत नको, खिळा नको, शर्माजी नकोत. गणपतीला आठवडा होता. तोवर बाप्पाची हरकत नसावी, आणि सबनीसांना सांगायची गरज नव्हती.

मखर शहराबाहेर मनीमाजऱ्यात एका सभासदाच्या खोलीत ठेवलेलं होतं. नळ्या धरायला स्कूटरवर मागं कुणीतरी हवं, म्हणून मी ग्रेवालांना चलता का विचारलं. पगडीला हात लावत ते हसले. "माहुलीकर जी, आप अकेले जाओगे तो नाके पर पाँच मिनट लगेंगे. मैं साथ हुआ तो शाम तक दोनों वहीं बैठेंगे." ते हे हसून म्हणाले. बीजी हसल्या नाहीत. मी एकटाच गेलो.

नळ्या चादरीत गुंडाळून स्कूटरला आडव्या बांधल्या. मोरांची कमान पुढं, पायांपाशी. मापाला म्हणून नेलेली मच्छरदाणी गळ्यात. हे सगळं घेऊन मी परतीच्या वाटेवरच्या पुलाअलीकडच्या पोलीस नाक्यावर पोचलो आणि चार जवान एकदम उभे राहिले. आज विचार केला तर त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चादरीत गुंडाळलेल्या लोखंडी नळ्या घेऊन संध्याकाळच्या वेळी येणाऱ्या माणसाला मीसुद्धा थांबवला असता.

मिशीवाल्या हवालदारानं दुरूनच विचारलं, "इसमें क्या है?"

"गणपती का मखर," मी म्हणालो.

त्याला मखर माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मच्छरदानी है."

"अभी तो कुछ और बोला था."

"दोनों है."

तिथंच माझं चुकलं. दोन जबाब देणाऱ्या माणसाचं त्या नाक्यावर काय होतं ते मला कळलं. स्कूटर बाजूला, हात वर, आणि बायको काही म्हणो, मी हात वर असताना अजिबात रुबाबदार दिसत नाही. शेवटी हवालदार म्हणाला, "लगाके दिखाओ."

तेव्हा भर रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्या बसमधल्या लोकांच्या देखत, मी महाराष्ट्र मंडळाचं मखर उभं केलं. खांब रोवले, आडव्या नळ्या बसवल्या, पुढं मोर लावले, वरून मच्छरदाणी सोडली. एका बसमधल्या बाईंनी हात जोडले. हवालदार एकदा भोवतीनं फिरला. मग त्यानं जाळी उचलली, स्वतःची खुर्ची आत नेली आणि बसला.

दिवेलागणीची वेळ होती आणि पुलाखालून डासांचे थवे येत होते. बाहेर उभे असलेले आम्ही सगळे आपापल्या अंगावर चापट्या मारत होतो. हवालदार आत निवांत होता. त्यानं डोळे मिटले. 

"साहब," तो आतून म्हणाला, "किसके लिए है?"

"बच्ची के लिए. नौ महीने की है."

तो लगेच उठून बाहेर आला. नळ्या सोडायला त्याचे दोन जवान त्यानं माझ्या मदतीला दिले आणि चादरीच्या गाठी स्वतः बांधल्या.

आणि काय सांगू, मच्छरदाणी लागली. मोरांच्या कमानीखाली माझी मुलं झोपायला लागली. डास जाळीला बाहेरून चिकटून आत बघत राहायचे आणि मी त्यांच्याकडं बघत राहायचो. मिनूचे गाल हळूहळू साफ होत गेले. स्मिता म्हणाली, पोरांना देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं दिसतंय. पण ती म्हणाली हसत, आणि मला तेवढं पुरे होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी सबनीस आले. कुठंतरी काहीतरी झालं होतं, शहरात जमावबंदी लागली होती, पाचजणांनी एकत्र जमायचं नाही. हॉलची परवानगी रद्द. "यंदा मूर्ती एखाद्या सभासदाच्या घरी बसवायची. मखर तू नेलंस असं कळलं, तुझ्याकडंच आहे ना? मग तुझ्या घरी. संध्याकाळी आणतो," असं सांगून ते निघूनही गेले. आणि माईंची गाडी दुपारची होती.

मखर काढून गणपतीला दिलं तर पहिल्याच रात्री मुलांचे गाल पुन्हा पहिल्यासारखे होणार आणि माई दुसऱ्या दिवशी सामान बांधणार. मखर ठेवलं तर देवाला खुर्चीवर बसवायचं का? स्मितानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मखर मोठं आहे. गेल्या वर्षी गणपती हरवला होता, तुम्हीच म्हणालात."

आम्ही पलंग मागं सरकवले. पुढं, कमानीखाली, चौरंग. मागं मुलं. सगळ्याभोवती मच्छरदाणी.

माई आल्या, हातपाय धुतले, मिनूला मांडीवर घेतलं, उजेडात नेऊन इकडून तिकडून बघितलं आणि परत स्मिताकडं दिलं. निकाल काय लागला ते मला कळेना. संध्याकाळी सबनीस मूर्ती घेऊन दारात आले आणि आतलं बघून जागच्या जागी थांबले. जाळीच्या आत रिकामा चौरंग, त्याच्यामागं मिनू झोपलेली, आणि हेरंब कमानीतून डोकं बाहेर काढून म्हणत होता, "गणपती जी, अंदर आ जाओ, बाहर मच्छर है."

"माहुलीकर," सबनीस म्हणाले, "मंडळाच्या मखराचं हे काय केलंस?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर माईंनी दिलं. "मूर्ती आत ठेवा आणि जाळी लगेच खाली सोडा. बोलत काय उभे राहिलात? डास शिरतायत."

विंग कमांडर सबनीसांनी हुकूम ऐकला. प्रतिष्ठापना जाळीत झाली. आरती माईंनी बाहेरून, चांगली दोन हात लांबून करायला लावली, जाळीला ठिणगी नको म्हणून. जमावबंदी असल्यामुळं लोक चार-चार करून यायचे. चारजण आरती म्हणायचे, बाकीचे जिन्यावर आणि ग्रेवालांच्या अंगणात आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. बीजी त्यांना चहा द्यायच्या. ग्रेवाल फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे आणि जिन्यावर पाचवा माणूस चढू द्यायचे नाहीत. प्रसादाला बीजी शिरा करून पाठवायच्या, त्याला त्या कडा म्हणायच्या, आणि आमच्या मोदकांच्या आधी तो संपायचा.

विसर्जन झालं आणि माईंनी बॅग काढली. मी दिवसभर त्यांच्या मागंमागं होतो. बॅगेत फक्त त्यांच्याच साड्या जातायत हे मी दारातून बघत होतो, तरी मला धीर नव्हता. शेवटी विचारलंच. "माई, मुलं?"

"राहू देत इथंच."

"डास कमी झालेत ना?" मी जरा फुशारकीनं म्हणालो.

"डासांचं काय घेऊन बसलात हो," माई म्हणाल्या. "कराडला कृष्णेकाठी याच्याहून मोठे आहेत."

माई साडीची घडी घालत राहिल्या.

"मी दुसरं काय विचारणार होते? गोळीबार होतो का म्हटलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतंत, छे छे, सगळं शांत आहे. डासांचं तरी खरं सांगत होतात." मग त्या खाली बसल्या. "परवा मी हेरंबला घेऊन पार्कात दुर्वा खुडत होते. एकदम दुकानं बंद व्हायला लागली, लोक पळायला लागले. मला रस्ता उमगेना, भाषा येईना. तर ही खालची बाई अनवाणी धावत आली. याला कडेवर घेतलं, मला हाताला धरलं, आणि घरी आणलं. एक शब्द नाही बोलली. इथं अशी माणसं असताना मी पोरांना घेऊन कुठं जाऊ?"

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ना बीजींनी, ना हेरंबनं. मी खिडकीतून खाली बघितलं. बीजी अंगणात दुपट्टे वाळत घालत होत्या. माझे डोळे भरून आले, आणि या वेळी धूर नव्हता.

"उभे राहू नका असे," माई म्हणाल्या. "ती जाळी आहे ना, तसलीच एक मला करून आणा. नळ्यांसकट. कराडला खरंच फार डास आहेत."

दुसऱ्या दिवशी मनीमाजऱ्याहून येताना स्कूटरला तिथं कापून घेतलेल्या, चादरीत गुंडाळलेल्या आडव्या नळ्या आणि गळ्यात नवी मच्छरदाणी होती. पुलाच्या अलीकडं तोच मिशीवाला हवालदार उभा होता. त्यानं चादरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "गणपती तो हो गया. अब किसके लिए?"

"सास के लिए," मी म्हणालो.

त्यानं चादर उघडूनसुद्धा बघितली नाही. मागं वळून जवानांना रस्ता मोकळा करायला सांगितलं आणि मला जाऊ दिलं.